गयाबाईंचा दिवस

पिंगळी स्टेशनात मी असिस्टंट मास्तर म्हणून नवा नवा रुजू झालो होतो, तेव्हाची गोष्ट. क्वार्टरच्या मागे काळं रान होतं. तिथे एके सकाळी चार जोड्यांचा जड लाकडी नांगर चालला होता आणि बांधावरून एक काटकुळी बाई गड्यांवर खेकसत होती, "बापूराव, झोपलाव का? तास वाकडं चाललंय!" बापूराव म्हणजे गावातले सगळ्यांत मोठे शेतकरी. ते मुकाट्याने "व्हय मालक" म्हणाले आणि बैल वळवू लागले. दुसऱ्या दिवशी नांगर शेजारच्या वावरात गेला. तीच बाई आता खालमानेनं आपल्या बैलामागं चालत होती. तहान लागली तेव्हा त्या वावराच्या नुकतं मिसरूड फुटलेल्या धन्याला ती विचारत होती, "पानी पिऊन यिऊ का, मालक?"

माझं डोकंच चक्रावलं. निजामाचं राज्य, त्यात माझी रेल्वेची नोकरी. वरून तार आल्याशिवाय आमच्याकडे सिग्नलचा हातसुद्धा पडत नसे. इथे मालक रोज बदलतो म्हणजे काय? मला चौकशा करायची खोड आहेच. ड्यूटी संपली की मी बांधावर जाऊन बसू लागलो.

हळूहळू उलगडा झाला. त्या जमिनीत नांगर ओढायला आठ बैल लागायचे आणि तेवढे कुणा एकाकडे नव्हते. म्हणून सात घरांनी आपापले बैल एकत्र केले होते. याला ते सावड म्हणत. बापूरावांचे दोन बैल, बाकीच्यांचा एकेक. बांधावरून खेकसणारी ती बाई म्हणजे गयाबाई; त्यांचाही एक. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, सासऱ्याच्या वाटणीतून आलेला जमिनीचा तुकडा तेवढा पदरात. नियम एकच होता: नांगर ज्याच्या वावरात, त्या दिवशी हुकूम त्याचा.

"पण तुमच्यात मुख्य कोण?" मी एकदा गयाबाईंना विचारलं.

"कालचा का आजचा?" त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

बाई डोक्यानं तल्लख. लोक अडलं की आपसूक त्यांच्याकडे बघत. पण दिवस दुसऱ्याचा असला की त्या हात झटकून मोकळ्या. "मला कामून इचारता? ज्याचं वावर त्याला इचारा. आज मी नुस्ती बैलवाली." आणि दिवस त्यांचा असला की मात्र बघायलाच नको. वर्षभराची मालकी त्या एका दिवसात वसूल करत.

अशाच एका दिवशी घात झाला. ओढ्याकाठची पडीक पट्टी बाभळी तोडून त्या वर्षी वाहितीखाली आणायची, असं गयाबाईंनी ठरवलं होतं. त्यांनी बोट दाखवलं, नांगर तिकडे वळला. आणि एकाएकी बापूरावांच्या बैलाचा पाय जमिनीत गेला. खाली जुनी, बुजवलेली विहीर होती. पाय मोडला. त्या जनावराचं हंबरणं मला स्टेशनात ऐकू आलं.

संध्याकाळी सगळे चिंचेखाली जमले. बापूराव रागापेक्षा दुःखानं बोलले, "सातजनाचा हुकूम म्हंजी कुनाचाच न्हाई. एक नाईक नेमा. मी व्हतो, जिम्मा बी माझा." माना डोलू लागल्या. बापूरावांचं रान एवढं मोठं की ते नाईक झाल्यावर मृगाच्या आत इतरांची पाळी येणं कठीण, हे कळत सगळ्यांना होतं. गयाबाईंचं अर्धं वावर तर तसंच पडलं होतं. ते नांगरलं नाही तर बटईनं दुसऱ्याला द्यावं लागणार होतं.

तेवढ्यात सावडीतलेच म्हातारे सखाराम पुटपुटले, "हीर मला ठाव व्हती. माझ्या बापानं बुजवताना माती टाकली व्हती."

"मंग बोलला कामून न्हाई?" कुणीतरी ओरडलं.

"वावर तिचं, दिस तिचा. म्या कसं बोलू?"

लोक त्यांच्या अंगावर धावले. गयाबाई मध्ये पडल्या. "म्हाताऱ्याला बोलू नका. म्या इचारलं न्हाई, म्हनून त्ये बोलले न्हाईत. उद्या नाईक केला तर त्योबी इचारनार न्हाई, आन आपन सगळेच गप बसू. त्यापरीस नांगर घालायच्या आदी मालकानं एकेकाला इचारावं. ज्याचं काय नसंल त्यानं बी मोठ्यानं म्हनावं, काय न्हाई." मग उठून त्यांनी आपला बैल सोडला आणि कासरा बापूरावांच्या हातात दिला. "तुमच्या बैलाच्या जागी ह्यो." बापूरावांनी तो घेतला. बैल नाही त्याला सावडीत जागा नाही, हे तिथे कुणालाच सांगावं लागलं नाही.

पुढे माझी बदली झाली. गयाबाईंनाही जाऊन आता बरीच वर्षं लोटली. पण त्या म्हटलं की मला दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते. नांगर बापूरावांच्या रानात होता; सात बैलांत जोड्या तीनच, म्हणून नांगर उथळच धरायचा होता. गयाबाई सवयीनं आल्या असाव्यात. रिकाम्या हातांनी लांब बांधावर उभ्या होत्या. बापूराव एकेकापुढे जाऊन विचारत होते, "तुमचं काय?" जो तो म्हणत होता, "काय न्हाई." मग ते बांधाकडे चालत आले.

"गयाबाई, तुमचं काय?"

"माझा बैल न्हाई आता. मला कामून इचारता?"

"बैल माझ्याकडं आला, बोलायचं तोंड तर तुमच्याकडंच हाय की! आज मालक मी हाय. मी इचारायलोय."

गयाबाईंनी रान न्याहाळलं. "वरल्या कडंला पाझर हाय. तिकडून नका घालू. बैल फसतील."

नांगर नेमका तिथेच उभा होता. बापूराव क्षणभर घुटमळले. मग त्यांनी जोड्या वळवल्या आणि खड्या आवाजात म्हणाले, "उद्या नांगर गयाबाईच्या रानात. कुनाचं काय?"

"काय न्हाई!" सगळे एकदम ओरडले. माझा तिथे ना बैल होता ना वावर, पण बांधावरून मीही ओरडलो, "काय न्हाई!"