हिरवट बलक

"न्हाई इकत, जा!"

अंडी विकणारी बाई गिऱ्हाइकाला असं म्हणते, हे तुम्ही कुठं ऐकलंय? आमच्या वडीगोद्रीच्या गल्लीत आम्ही रोज ऐकायचो. कुणी अंडं कानाशी धरून हलवलं की आत्या ते हातातून काढून घ्यायची. सगळी गल्ली तिला आत्याच म्हणायची. दहा-बारा गावरान कोंबड्या, आणि त्यांच्यावर चालणारं एकटीचं घर.

खुराक तिच्या मनाचा: बाजरी, मेथीची देठं आणि भाजून कुटलेली अंड्यांची टरफलं. भाजायची कशाला, असं मी एकदा विचारलं.

"कच्च्याची चटक लागती. मंग सोताचंच अंडं फोडतेत. माणसावानी!"

तर झालं असं. शेजारच्या पाटलीणबाईंची लेक बाळंतपणाला आल्ती. तिच्यासाठी नेलेली अंडी आठवडाभर घरात राहिली आणि एक दिवस बाई वाटी घेऊन तणतणत आल्या. वाटीत बलक, शेवाळासारखा हिरवट.

"आत्या, तुमच्या कोंबड्यांवर करणी हाय! बाळंतिणीला हे घालू का मी?"

आत्याने ताजं अंडं तिथंच फोडलं. पिवळाधमक बलक. "हे बघ! तूच कायतरी कालवलं असशील." दोघींची अशी जुंपली की बोलायची सोय नाही. पण त्या दिवसापासून गिऱ्हाईक तुटलं आणि आत्याची चूल अडली.

आत्या हट्टी. तिने थोडी अंडी ज्वारीच्या डब्यात ठेवली आणि आठवड्याने फोडली. सगळी हिरवट. खरं सांगतो, मला भीती वाटली.

सल्ले मात्र फुकट. कुणी म्हणालं, देवऋषीला कोंबडा द्या.

"माझा कोंबडा त्याच्या पोटात गेला की बलक पिवळा व्हतो व्हय?"

हायवेवरचा हॉटेलवाला ताजी अंडी मागत होता. आम्लेट होऊन पोटात जाईपर्यंत रंग थोडाच बदलतो! मला ते बराबर वाटलं. आत्या माझ्यावरच उसळली. "मला ठाऊक हाय ना आत काय हाय ते? न्हाई इकत!"

मग ती भर उन्हात कोंबड्यांच्या मागं हिंडली. कोंबड्या कुठं शिरल्या म्हणता? पाटलीणबाईंच्याच गोठ्यात! म्हशीपुढची सरकी पेंड त्या रोज भरपेट हाणून येत होत्या.

"खाणं तुझ्या घरचं अन् करणी माझ्यावर?" आत्या गोठ्यातूनच गरजली.

"सरकीनं कुठं असं व्हतंय!" पाटलीणबाई म्हणाल्या.

आत्याने कोंबड्या खुराड्यात कोंडल्या. महिनाभर त्यांना विकतचा दाणा घातला, स्वतः एक वेळ जेवली. त्यानंतरची अंडी आठवडाभर ठेवून भर चौकात परातीत फोडली. सगळी पिवळीधमक. सरकी खाल्लेल्या कोंबडीचा बलक ताजेपणी पिवळा दिसतो आणि ठेवला की फिरतो, हे तेव्हा कुठं आम्हाला कळलं. तिचीही खात्री तेव्हाच पटली.

सगळ्यांनी पिशव्या पुढे केल्या. पाटलीणबाईही आल्या, मान खाली घालून. आत्याने चार अंडी त्यांच्या पदरात ठेवली. "ही लेकीला. पैसे नको. तुला इकायचं अजून मनात न्हाई माझ्या."

गेल्या हिवाळ्यात आत्या गेली. कोंबड्यांचं काय करायचं, याची कुजबुज चालली होती. तेवढ्यात पाटलीणबाई टोपली घेऊन आल्या. त्यांनी कुणाला विचारलं नाही.

सकाळी मी गल्लीतलं माझं दुकान उघडतो तेव्हा गोठ्यातून त्या गड्यावर खेकसत असतात, "पेंड झाक आधी! माझ्या कोंबड्या सुटल्यात!"