मिठागरातली अदलाबदल

आमच्या घरी संप मिटला असं कुणी कधी म्हणालंच नाही. मी शाळेत असताना बाबा एक दिवस गिरणीतून घरी आले, ते पुन्हा गेले नाहीत. खूप महिन्यांनी त्यांना दादरला कापडाच्या दुकानात काम मिळालं. ते त्यांनी नीट केलं, पण बोलणं कमी झालं ते झालंच. मी नोकरीला लागले तेव्हा सुट्टीच्या दिवशी ते करी रोडच्या आमच्या चाळीत, गॅलरीत खुर्ची टाकून, खाली बघत बसलेले असत.

त्याच सुमारास मला गिअरच्या सायकलीचं वेड लागलं. जाड, खाचांचे टायर, सरळ आडवं हँडल आणि मुठीपाशी गिअरचा खटका. डोंगरात चालवायच्या त्या सायकली, आणि आमच्याकडे डोंगर कुठला? परळच्या एका सायकलवाल्याकडे गिअरची केबल यायची वाट बघत आम्ही तिघं एकाच बाकावर बसलो होतो, तिथूनच ओळख झाली. एक मी. दुसरी शीव कोळीवाड्याची, माझ्याच वयाची; तिला आम्ही कोळीवाडीणच म्हणायचो. आईबरोबर पहाटे मासळी उतरवून घ्यायची आणि भावाची नारिंगी सायकल चालवायची. तिसरे गिरगावातले चित्रकलेचे शिक्षक, चाळिशीचे, एकटे. ते आम्हा दोघींना कधी शिकवायला नव्हते, तरी आम्ही त्यांना सर म्हणायचो. त्यांची सायकल परदेशातल्या बहिणीने पाठवलेली होती. पुढच्या चाकाला स्प्रिंगा होत्या, म्हणून आम्ही तिच्याकडे जरा दबकूनच बघायचो.

रविवारी उजाडता उजाडता आम्ही वडाळ्याच्या मिठागरात जायचो. कोळीवाडिणीचे मामा तिथल्या राखणदाराच्या ओळखीचे, त्यामुळे कुणी अडवत नसे. खाचरांमधून मातीचे अरुंद बांध गेलेले, दोन्ही बाजूंना पाणी, आणि त्या पाण्यात आभाळ. धुकं असलं की पुढचा माणूस बांधावरून चाललाय की आभाळातून, ते कळायचं नाही. फक्त चेनची बारीक कुरकुर ऐकू यायची.

मधेच थांबून आम्ही सायकली बदलायचो. दुसऱ्याच्या सायकलवर बसलं की त्याचं अंग कळतं. नारिंगीची सीट उंच, हँडल ओढून धरावं लागे, आणि तिला खाऱ्या मासळीचा पुसट वास. सरांच्या सायकलवर खड्डा लागायचाच नाही, कुणीतरी खालून हात धरल्यासारखं वाटायचं. मग बांधावर बसून बोलणं चालायचं. चढाला मागची मोठी चकती बरी की मधली, ओल्या मातीत टायरची हवा किती कमी करायची, चेन कुठे उतरते.

हेच बोलणं पुढे आमच्या गॅलरीतही यायला लागलं. बाबा ऐकत बसायचे. एकदा म्हणाले, "सायकल ती सायकल. तेच्यात रोज रोज बोलण्यासारख्या काय असा गो?"

"काका, एकदा चालवून बघा ना," कोळीवाडीण म्हणाली.

बाबा पुन्हा खाली बघायला लागले. पण पुढच्या रविवारी मी उठले तर ते शर्ट घालून तयार. खालच्या इस्त्रीवाल्याची काळी सायकल मागून आणली होती.

"मी पण येतंय," एवढंच म्हणाले.

मिठागरात अदलाबदलीच्या वेळी सरांनी आपली सायकल त्यांच्यापुढे केली. गिअर कसा बदलायचा ते दाखवलं. बाबांनी मान हलवली, टांग टाकली आणि बांधावरून सरळ निघाले. आम्ही त्यांना धुक्यात शिरताना पाहिलं. सर काळ्या सायकलवर एक चक्कर मारून परतले. "काय शांत चालते हो ही!" असं ते हरखून सांगत होते, पण बाबांचा पत्ता नव्हता. धुकं विरळ झालं तरी बांध रिकामाच. आम्ही तिघंही त्यांच्या मागे निघालो.

पार खाडीकडच्या टोकाला ते सापडले. सायकल नीट उभी केलेली, आणि ते पँट दुमडून, खाऱ्या पाण्यात पाय सोडून बसलेले.

"बाबा, वाट चुकलात की काय?"

"वाट कसली चुकतंय? संपात मी हयच येत होतंय." पाण्याकडे बघतच ते म्हणाले, "घरात सांगत होतंय, काम शोधूक जातंय म्हणान. आणि हय येवन बसत होतंय. तुझ्या आवशीक ठावक नाय."

मग त्यांनी सरांना विचारलं, "त्या हलक्या गिअरात पाय नुसते फिरतत आणि जमीन सरकना. असा कित्या?" सर त्यांच्या शेजारी बसून सांगू लागले. बाबा पुन्हा पुन्हा विचारत राहिले. इतकं बोलताना मी त्यांना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुपारी मी आईला हळूच ते सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "माका ठावक होता. पँटीच्या काठाक मीठ लागलेला असायचा. मीच धुवत होतंय ना!"

"मग बोलली नाहीस कधी?"

"बसूक तरी जागा होती तेका," ती म्हणाली आणि सुपातले तांदूळ पाखडायला लागली.

त्यानंतर बाबा दर रविवारी यायचे. स्वतःची सायकल त्यांनी घेतली नाही. आमच्या तिघांच्या आलटून पालटून चालवायचे आणि निकाल द्यायचे. माझी सायकल त्यांना हट्टी वाटायची. नारिंगीवर त्यांचा विशेष जीव होता, तिच्या मालकिणीशी हुज्जत घालायला मिळायची म्हणूनही असेल. पुढे सर बहिणीकडे गेले, कोळीवाडिणीचं लग्न झालं, मिठागराच्या त्या बाजूला कुंपण पडलं. आता करी रोडला आमच्या खिडकीतून टॉवरच दिसतात.

पण त्यातली एक सकाळ मला अजून दिसते. थंडीचे दिवस होते. आम्ही बांधावर बसून ब्रेकच्या रबरांबद्दल बोलत होतो, आणि बोलता बोलता बाबांना झोप लागली. तिथेच, गवतावर, हाताची उशी करून. ऊन हळूहळू मिठाच्या ढिगांवर चढलं. पाणी आधी करडं होतं, मग गुलाबी झालं, मग नुसतं लख्ख. सरांना गिरगावला लवकर पोहोचायचं होतं, कोळीवाडिणीची आई बाजारात वाट बघत होती. तरी कुणी बाबांना उठवलं नाही. आम्ही आवाज बारीक केला आणि बोलत राहिलो.