रेग्युलेटर हवा धरीना

जालन्याच्या एमआयडीसीत आमच्या शेडमध्ये बियाणं नेणाऱ्या गाड्यांच्या ॲल्युमिनियमच्या बॉड्या बनतात. मी बाहेरून रिव्हेट गन चालवायचे आणि बॉडीच्या आत खाला बसायच्या. त्या माझ्या आईच्या वयाच्या, म्हणून मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. गनचे ठोके बसताना त्यांनी रिव्हेटच्या मागच्या टोकाला लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे ते टोक चेपून बसतं. मधे पत्रा, त्यामुळे आम्ही एकमेकींना दिसायचो नाही. त्यांनी आतून ‘हां’ म्हटलं की मी गनचा घोडा दाबायचे.

सगळा खेळ हवेचा. प्रेशर कमी पडलं तर रिव्हेट ढिली राहते, जास्त झालं तर गन उसळते आणि आतल्या हाताला दणका बसतो. कॉम्प्रेसर सगळ्यांना मिळून एकच. पेंटवाले फवारायला लागले की आमची हवा उतरायची, ते थांबले की चढायची. म्हणून आमच्याजवळ प्रेशर एकसारखं ठेवणारा रेग्युलेटर होता. पण तो आता हवा धरीना. पाच किलो प्रेशरवर लावला तरी त्याचा काटा हळूहळू वर सरकायचा. मी सुपरवायझरांना सांगितलं.

“थोडं वरखाली होतंच. गाडी उद्या जायचीय, हात चालवा,” ते म्हणाले.

तेव्हापासून माझं अर्धं लक्ष काट्यावर. घरी भाकऱ्या थापतानाही तो डोळ्यापुढं यायचा.

त्या दिवशी खाला ‘हां’ म्हणाल्या. काटा बराबर होता. मी घोडा दाबला आणि त्याच वेळी पेंटवाले थांबले असावेत. गनचा आवाज एकदम कडक झाला, ती हातातून उसळली. आत ठोकळा खण्णकन पडला.

“खाला?”

मी पत्र्यावर थाप मारली.

“खाला, काय झालं?”

गन टाकून मी मागच्या दाराकडे पळाले. खाला हात काखेत दाबून, डोळे मिटून बसल्या होत्या. मी एकेक बोट उघडून पाहिलं. मधल्या बोटाचं नख काळंनिळं झालं होतं.

“हलतंय बघ,” त्या कशाबशा म्हणाल्या. “रडू नको, बेटा.”

मी जाऊन हवेचा वॉल्व्ह बंद केला. सुपरवायझर धावत आले. “हवा कोणी बंद केली?”

“मी. रेग्युलेटर बदलल्याशिवाय गन धरणार न्हाई.”

“मी बी ठोकळा न्हाई धरणार,” मागून खाला म्हणाल्या.

सुपरवायझरांनी खालांचं बोट पाहिलं. खालांना दवाखान्यात नेलं. हाड शाबूत होतं. नवा रेग्युलेटर आला, गाडी उशिरा गेली.

पट्टी सुटल्यावर खाला कामावर आल्या. आता काटा जागचा हलत नव्हता. तरी मी प्रत्येक रिव्हेटला थांबत होते, काटा बघत होते, ‘हां ना?’ म्हणून पुन्हा विचारत होते. शेवटी त्या आतून ओरडल्या, “अगं, माझं बोट बरं झालं. तुला काय झालंय?”

मी पुन्हा काट्याकडे पाहिलं आणि विचारलं, “हां ना, खाला?”