आतून पिवळं

"मरण बाहेरून येत नाई सर, ते भांड्यातून वाढल्या जाते."

हे वाक्य एखाद्या जाड ग्रंथात भेटलं असतं, तर मी पेन्सिलीने अधोरेखित केलं असतं. ते मला भेटलं अकोल्याच्या जठारपेठेत, आमच्या कॉलनीच्या मंदिरामागे, नळाजवळ. बोलणाऱ्या बाईचं पुढचं वाक्य होतं, "सरका, पॅन्टवर राख उडते."

ती महाप्रसादाची भांडी घासायची; सगळे तिला मावशी म्हणत. घासण्याआधी प्रत्येक भांड्यावर बोटाच्या पेराने टकटक करायची, मान वाकडी करून ऐकायची आणि मग आत डोकं घालून पाहायची. छातीला नळी लावल्यावर डॉक्टर जसे गप्प होतात, तशी ती गप्प व्हायची. तेवढा वेळ आपल्यालाही उगाच धास्ती वाटे. मग निकाल यायचा. "अजून आहे," किंवा "गेलं." ती भांड्याच्या आतल्या कल्हईबद्दल, कथलाच्या पांढऱ्या थराबद्दल बोलत असे, पण ऐकणाऱ्याला ते कळायला क्षणभर उशीर होई.

मंदिराच्या मागच्या भिंतीवर तिने गिलक्याचा, म्हणजे घोसाळ्याचा, वेल चढवला होता. भाजीला चार कोवळी गिलकी घेऊन बाकीची ती वेलीवरच वाळू द्यायची. ती तपकिरी गिलकी वाऱ्याने खुळखुळत, आणि तिन्हीसांजेला तिथून जाताना माझी चाल आपोआप वाढे. ती साल सोलायची, बिया झटकायची, आतली जाळी काढायची. भांड्याला आतून गिलक्याची जाळी, बाहेरून नारळाची शेंडी आणि चुलीची राख. प्लास्टिकची घासणी दिसली की विचारायची, "हे झिजून कुठं जाते, माहीत हाये? पोटात."

मंदिरात एक भला मोठा पितळी गंज होता, उभ्या पातेल्यासारखा. कढी, वरण, जे सर्वात जास्त लागेल ते त्यात शिजे. मंदिर समितीच्या अध्यक्षांनी तो वडिलांच्या स्मरणार्थ दिला होता आणि त्यावर स्वतःचं नाव वडिलांच्या नावापेक्षा ठळक कोरून घेतलं होतं. राखेने ती अक्षरं काळपट राहतात, ही त्यांची तक्रार. गंजाची कल्हई विरत आली होती आणि मावशी ती जाळीने हळुवार सांभाळत होती, ही तिची अडचण. समितीने तक्रार ऐकली.

मंदिराच्या वर्धापनदिनाला मोठे पाहुणे येणार होते. अध्यक्षांनी तारेच्या घासण्या आणि आम्ल घातलेली पावडर आणली. मी समितीचा सचिव. 'स्वच्छतेचं आधुनिकीकरण' असा ठराव मी लिहिला, मनातल्या मनात हसलो आणि सही केली. माझा विरोध बहुतेक वेळा हसण्यातच खर्च होतो.

मावशीने तारेला हात लावला नाही. आदल्या दिवशी अध्यक्षांनी दोन तगडे गडी लावून गंज आतून-बाहेरून खरवडला. आत पिवळा उजेड पडला.

"सोनं हाये सोनं!" अध्यक्ष म्हणाले.

मावशीने टकटक केलं, डोकं आत घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही.

"गेलं."

"काय गेलं?"

"कल्हई. आतून पांढरं पाह्यजे, हे पिवळं झालं. याच्यात ताक घालसान तं कळकन, इख होईन. माणसं पडतीन, साहेब. अमरावतीच्या कल्हईवाल्याले बोलवा."

"उद्या कार्यक्रम हाये मावशी! चकाकते ते तुमाले काहून खुपते?"

"मंग कढी दुसऱ्या भांड्यात करा."

दुसऱ्या भांड्यावर कोणाचंच नाव नव्हतं.

सकाळी कढी त्याच गंजात चढली. मावशी माझ्याकडे आली. "सर, तुमी शिकलेले. चारशे माणूस जेवणार हाये. तुमी बोला."

"बघतो," मी म्हणालो, आणि पाहुण्यांची नावं वाचायला मंचावर गेलो.

भाषणं लांबली. अशा वेळी ती लांबतातच, तुम्हीही ऐकली असतील. एरवी फक्त कंटाळा येतो. त्या दिवशी मात्र प्रत्येक 'शेवटचे दोन शब्द' ऐकताना माझं लक्ष गंजाकडे होतं. चूल केव्हाच विझली होती आणि कढी तशीच आत होती. दोन तास गेले. पंगत बसली, पत्रावळी मांडल्या, कढीच्या बादल्या घेऊन वाढपी गंजाकडे निघाले.

तेव्हा मावशी चुलीकडून आली. अगदी सावकाश, दोन्ही मुठी मिटलेल्या. गंजापाशी आली आणि तिने मुठी उघडल्या.

कढीवर राख पसरली. मागच्या भिंतीवरची गिलकी तेवढी वाजत होती.

"आता वाढा," मावशी म्हणाली.

अध्यक्ष पुढे झाले. माईक हातात होताच. "राख तं पवित्र असते," असं म्हणून त्यांनी वाटी बुडवली, राख फुंकून बाजूला केली आणि सर्वांदेखत कढी संपवली. मग आणखी एक वाटी. "पाहा! काही होते का?"

टाळ्या पडल्या. मावशी त्यांच्याकडे मान वाकडी करून पाहत राहिली, भांड्याकडे पाहायची तशी.

बाकीच्यांनी कढी घेतलीच नाही, वरण-पोळी आणि वांग्याची भाजी खाल्ली. पाहुण्यांना निरोप देता देताच अध्यक्ष भिंतीला धरून वाकले. तीन दिवस दवाखान्यात होते. चौथ्या दिवशी त्यांनी बैठक घेतली. प्रसादात राख टाकून भाविकांच्या भावना दुखावल्याबद्दल मावशीला कामावरून कमी करण्यात आलं. तो ठरावही माझ्याच अक्षरात आहे. या वेळी मला हसू आलं नाही, सही मात्र केली.

ती अमरावतीला लेकीकडे गेली. निघताना माझ्या दाराशी एक गिलक्याची जाळी ठेवून गेली. मी घरातल्या एकुलत्या एका पितळी पातेल्यावर टकटक करून पाहिलं. मला काहीच ऐकू आलं नाही. ते पातेलं मी तेव्हापासून वापरलेलं नाही.

वेल कोणी काढला नाही. त्यावरची गिलकी आता कोणी तोडतही नाही.

अध्यक्षांची तब्येत उत्तम आहे. गंज मंदिराच्या सभागृहाच्या दाराशी असतो, त्यांचं नाव लांबूनही वाचता येतं. पावसाळ्यात लोक त्यात ओल्या छत्र्या ठेवतात.