वरच्या सुराला फुंकू नका

"मावशी, तुमचं ते तिकडं चपलांपाशी ठेवा. फळीवर सगळ्यांची वाद्यं आहेत. ती तोंडाला लावायची असतात."

सर भर वर्गात म्हणाले. मी ठेवलं की. काय करणार? साठी उलटलेली बाई, सोलापुरातल्या त्या क्लासचा जिना दम खात चढलेली. माझा क्लॅरोनेट चपलांत, बाकीच्यांचे फळीवर.

आमचं घर वाजंत्र्यांचं. वडील वरातीत वाजवायचे. त्यांचं बघून, ऐकून मी बोटं बसवली. पण सूर वर चढवायचा म्हटलं की फाटायचा. त्या सुराला दुसरी बोटं असतात, एक वेगळी चावी दाबली की तो सोपा होतो, असं कानावर आलेलं. तेवढ्यासाठी गेले होते मी तिथं.

सर बाकीच्यांचं बोट धरून चावीवर ठेवायचे. माझी पाळी आली की लांबूनच पेन्सिल रोखायचे. "चार नंबर दाबा."

मी चार नंबर दाबली. चिरका आवाज निघाला. सगळे हसले.

"चार म्हटलं ना, चार!"

परत दाबली. परत तेच. तिसऱ्यांदा तर फुंकच येईना.

शेजारी वाजवणाऱ्या बाईंची बोटं बघितली, तेव्हा कुठं उलगडलं. आमच्यात चाव्या खालून मोजतात, भोंग्याकडून. वडलांनी तसंच शिकवलेलं. सरांनी वाटलेल्या तक्त्यात त्या वरून मोजलेल्या. त्यांची चार ती माझी चार नव्हेच! माझं बोट एकदा धरलं असतं तर तिथंच मिटलं असतं. पण वाजंत्र्याच्या पोरीचं बोट धरणार कोण?

भीत भीत म्हटलं, "सर, आमच्यात खालनं मोजत्यात."

"तुमच्यात काय करतात ते वरातीत. इथं शास्त्र आहे."

घरी गेले. सरांच्या तक्त्यापुढं बसून सगळे आकडे नव्यानं बोटांत बसवले. वरचा सूर कधी लागायचा, कधी फाटायचा.

मग क्लासचा कार्यक्रम ठरला. सर एकदम गोड झाले. "मावशी, तुम्ही नऊवारीत या, पुढं उभ्या राहा. फोटो छान येईल. बोटं तेवढी हलवा. वरच्या सुराला फुंकू नका."

मी "व्हय" म्हटलं. भीतीनंच म्हटलं.

पडदा उघडला. समोर सगळा अंधार आणि माणसं. त्या वरच्या सुराची ओळ जवळ येत चालली तशी माझी बोटं गार पडली. सर विंगेतून माझ्याकडंच बघत होते. मान हलवत होते, नाही, नाही. वाटलं, हलवावीत नुसती बोटं, कुणाला कळतंय?

मला कळलं असतं.

फुंकलं. सूर आधी फाटला. सगळ्या थेटराला ऐकू गेलं. मग ती चावी धरून ठेवली आणि तो कसाबसा उभा राहिला.

आत आल्या आल्या सर ओरडले, "काय सांगितलं होतं मी?"

"मी वाजवायला आले, सर. फोटोला न्हाय." आवाज कापत होता माझा.

उद्या परत क्लास आहे. रात्रभर छाती धडधडणार, मला माहीत आहे. कदाचित दारातूनच परत पाठवतील. तरी जाणार. सूर फाटला तर फाटू दे, चारचौघांत फाटू दे. पण वाद्य हातात घेऊन मुकी उभी राहणार नाही. मी कुणाच्या बापाला भिणार नाही असं नाही म्हणत. भिईन. आणि फुंकीन.