शेवटच्या अंतऱ्यातली दोन नावं

बँडमध्ये माणसं चार आणि किस्से चाळीस, कारण प्रत्येक किस्सा प्रत्येकाला वेगळाच आठवतो. तुम्ही माझंच खरं धरा! मी बेस गिटार वाजवतो. मी वाजवत होतो हे लोकांना मी थांबल्यावरच कळतं, त्यामुळे बघायला मला भरपूर वेळ असतो.

आमचा बँड धामणगाव बढ्याचा. शब्द दिनेशचे, चाली मिलिंदच्या, गिटार दोघांच्याही गळ्यात. दोघं विलायती रॉक बँडचे कट्टर भक्त. तिकडे म्हणे दोन दोस्त जोडीनं गाणी करतात, आणि गाणं एकट्यानं केलं तरी नावं दोघांची लागतात. आपल्याकडे जयंतीच्या गाण्यात शेवटच्या अंतऱ्यात कवीचं नाव येतं. यांनी दोन्ही रिवाज एकत्र केले. शेवटच्या अंतऱ्यात दोन नावं!

पहिल्याच कार्यक्रमात पुढं बसलेल्या आजीनं विचारलं, “काऊन रे बाबू, गाणं म्हणून राह्यले का सातबारा वाचून राह्यले?”

*

पहिलं नाव कुणाचं, यावर तीन दिवस प्रॅक्टिस बंद.

“शब्द आधी,” दिनेश म्हणे. “चाल आधी,” मिलिंद म्हणे. शेवटी ड्रमर वैतागला, “माहा ठेका दोघाइच्या आधी सुरू होते. माहंच टाका!”

“नाही!” दोघं एका सुरात ओरडले. तीन दिवसांतलं तेवढंच एकमत.

*

पिंपळगाव राजा या गावी भर सोलोमध्ये मिलिंदची तार तुटली. पठ्ठ्यानं उरलेल्या पाच तारांवर सोलो पूर्ण केला. आम्ही खूश! खाली उतरलो तर एक काका त्याचा हात धरून म्हणाले, “ते सहावी आता बसवूच नको. तिच्यानंच बिघडून राह्यलं होतं.”

*

मग भांडण झालं, आणि ते खरंखुरं. दिनेशच्या गाण्यातली ‘माय’ मिलिंदनं न विचारता ‘आई’ केली. पुण्याच्या लोकांना समजावं म्हणून!

“माही माय बदलतं तू?” दिनेशनं गिटार पिशवीत भरली. “माहं नाव काढ त्या गाण्यातून. समद्या गाण्यातून काढ!”

चार महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. चहाच्या टपरीवर एक आला की दुसरा उठायचा. मला फार वाईट वाटायचं. अशी जोडी पुन्हा मिळत नसते, आणि दोघांशिवाय बँड कसला? बीबी गावचा कार्यक्रम शेवटचा, असं आम्ही मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

*

बीबीला मिलिंद एकटाच गायला. दिनेशही आला होता, पण मागं, भज्यांच्या गाडीपाशी. “भजे खायले आलो,” मला म्हणाला.

मिलिंदनं नवं गाणं काढलं. शब्द त्याचे, चालही त्याचीच. शेवटचा अंतरा आला. आता हा एकट्याचं नाव घेणार, म्हणून मी मान खाली घातली.

त्यानं नाव घेतलं. एकच. दिनेशचं!

भज्यांचा कागद फेकून दिनेश गर्दीतून तरातरा स्टेजवर चढला आणि त्यानं माईक ओढला. “थांबा! हा अंतरा माहा नाही! एवढं भंगार मी जिंदगीत लिहीत नसतो!”

मिलिंदनं खिशातला पेन काढून त्याच्यापुढं धरला. “मंग लिही ना बे. लोकं बसले हायेत.”