दहीभाताने चिकटवलेला जावई

माझ्या जावयाचं डोकं दीड वर्ष माझ्या शिवणाच्या डब्यात होतं. एका तुकड्यात नुसतं डोकं, एकात डोकं आणि खांदा, एकात फक्त हार घातलेली छाती. (घाबरू नका, जावई धडधाकट आहे. आता टक्कल पडलंय, पण त्याचा दोष माझ्या कात्रीकडे जात नाही.)

तेव्हा आम्ही खडकीला क्वार्टर्समध्ये राहायचो. आमचे 'हे' दारूगोळ्याच्या कारखान्यात आणि मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका. हे दिवसभर बारुदाशेजारी शांतपणे काम करायचे आणि संध्याकाळी घराचं दार उघडताना मात्र जरा थांबून अंदाज घ्यायचे! आमची एकुलती एक सुजाता. तो काळ कॉम्प्युटरवाल्यांचा. आमच्या गल्लीत पिठाच्या गिरणीशेजारी सायबर कॅफे निघाला होता, आणि ज्याच्या घरात कॉम्प्युटर शिकलेला मुलगा, त्याच्या घराचं निम्मं लक्ष अमेरिकेकडे. आमचा मिलिंद हडपसरचा. शिकायला म्हणून तिकडे गेला, नोकरीला लागला, तिथला नागरिकही झाला. तीन आठवड्यांच्या रजेवर आला, लग्न केलं, सतरा दिवस संसार केला आणि परत गेला. सुजाता हडपसरला सासरी, नवरा सातासमुद्रापार, आणि मध्ये व्हिसाचे कागद. दीड वर्ष!

लग्न विहारात झालं. पांढरीशुभ्र साडी, त्रिशरण, पंचशील, हार. वीस मिनिटांत सगळं नीटनेटकं. गोंधळ झाला तो नंतर, फोटो काढताना. आणि त्या गोंधळाचं नाव आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे मिलिंदच्या वडिलांची बहीण. मिलिंदची आई तो लहान असताना गेली, तेव्हा हडपसरच्या घरी राहून आत्याबाईंनीच त्याला वाढवलं. त्यामुळे स्टेजवर त्यांचा हक्क होता, हे मान्य. पण किती हक्क? भरलेल्या बसमध्ये दांडा धरावा तसा त्यांनी मिलिंदचा दंड धरला, तो शेवटच्या फोटोपर्यंत सोडलाच नाही. महिन्याभराने अल्बम आला. मुख्य फोटो, दोन्हीकडची माणसं एकत्र असलेला, मी डोळ्याजवळ नेऊन पाहिला.

"अहो, यात मी कुठाय?"

ह्यांनी चष्मा लावला. "ही काय. हे डावं कोपर तुझंच. मी कुठेही ओळखीन."

एकुलत्या एका लेकीच्या लग्नात माझं फक्त कोपर! बाकीच्या माझ्यापुढे आत्याबाई उभ्या होत्या, भरजरी आणि आडव्या.

आजची मी असते तर हसून सोडून दिलं असतं. पण तेव्हाची मी म्हणजे वर्गात कुजबुज झाली तरी आख्खी रांग उभी करणारी बाई. मी शाळेतली हस्तकलेची कात्री काढली आणि आत्याबाईंना अल्बममधून हद्दपार करायला बसले. अडचण एवढीच, की आत्याबाई कापल्या की जावई थोडा सोबत यायचा. पहिल्या फोटोत नुसता हात गेला. दुसऱ्यात खांदा. पाचव्या-सहाव्या फोटोपर्यंत माझा हात बसला आणि जावई सबंध यायला लागला! आधीच्या फोटोंत उरलेला अर्धामुर्धा जावई बरा दिसेना, म्हणून मग तोही काढला. मोकळ्या जागी मी बदामी कागद लावला, कोपऱ्यात कागदाची फुलं चिकटवली. (काम सुबक हवं.) शेवटी अल्बम असा दिसू लागला, की सुजाताने एकटीनेच उत्साहाने लग्न करून घेतलं आहे.

तुकडे टाकायचे ठरवलं होतं. पण जावयाला केरात कसं टाकायचं? म्हणून ते शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली.

सुजाताला मी फोनवर सांगून टाकलं, "थोडे फोटो कापलेत गं मी."

"किती?"

"अगं, दोन-चार."

मग एके दिवशी मुलाखतीचं पत्र आलं. मुंबईला, अमेरिकेच्या कचेरीत. लग्न खरं आहे की व्हिसापुरतं, याची तिथे खात्री करून घेतात. फोटो बघतात, पत्रं बघतात, प्रश्न विचारतात. प्रश्न म्हटल्यावर माझ्यातली शिक्षिका खडबडून जागी झाली. मी दोनशे पानी वही आणली आणि तिच्यावर लाल शाईने लिहिलं: 'अपेक्षित प्रश्न व आदर्श उत्तरे'. एकूण प्रश्न एकशे सोळा. सासऱ्यांचं जन्मगाव, नवऱ्याच्या साहेबाचं नाव, चहात साखर किती. शेजारणीने ऐकीव सांगितलं, की नवरा कुठल्या कुशीवर झोपतो तेही विचारतात. तो झाला प्रश्न चौतिसावा. (समोर मी कंसात लिहिलं: 'हा प्रश्न वडिलांसमोर वाचू नये.')

आदर्श उत्तरांसाठी मूळ माहिती हवी. रविवारी सुजाता आमच्याकडे यायची, तेव्हा मिलिंदचा फोन आला की तिच्या आधी मी!

"मिलिंदराव, तुम्ही दात कुठल्या हाताने घासता?"

"उजव्या. आई, सुजाता आहे का?"

"आहे, थांबा. लहानपणी कुठला आजार?"

"गोवर. आई, सुजाता..."

"आणि कुशीचं काय?"

"डाव्या. आता तरी सुजाताला द्या!"

सुजाता म्हणाली, "आई, अल्बम मी आत्याकडचा नेते. पूर्ण आहे तो."

इथे माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा शहाणपणा मी केला. आत्याबाईंपुढे अल्बमसाठी हात पसरायचा? आणि वर सुजाताचं त्यांच्याशी मेतकूट! रविवारी आमच्याकडे आली की 'आत्या असं म्हणाली, आत्याने तसं केलं' हेच ऐकायचं. मी ताठ मानेने म्हटलं, "काही गरज नाही. व्हिसा कुणाला हवाय? तुला. मग फोटो तुझा हवा. आपल्या अल्बममध्ये पानोपानी तूच आहेस!"

हे पेपरामागून म्हणाले, "मुद्दा बिनतोड आहे." मला ते कौतुक वाटलं. कसली मी!

अल्बम मी प्लास्टिकमध्ये गुंडाळला, सुतळीने बांधला आणि बजावलं, "आतलं कुणी विस्कटायचं नाही." पिशवीत दहीभाताचा डबा आणि शिवणाचा डबाही घेतला. कुठेही जाताना शिवणाचा डबा माझ्याबरोबर असायचाच. ऐनवेळी ब्लाउजचा हुक तुटला तर काय, अमेरिका थांबणार आहे?

मुंबईत कचेरीबाहेर फुटपाथवर रांग. आमच्या पुढे सांगलीकडच्या एक बाई, मुलीला सोडायला आलेल्या. ओळख झाली. त्या म्हणाल्या, "आमच्या गावच्या एकीला परत लावलं वो. कागद कमी पडले म्हणं. नवरा-बायको एका फोटूत दिसायलाच पायजेत."

सुजाताने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे. तिने सुतळी सोडली. एक पान उलटलं. दुसरं. भराभर दहा पानं उलटली.

"आई, मिलिंद कुठाय?"

"असेल गं पुढे."

"शेवटचं पान आलं. आई, माझा नवरा कुठाय?"

"डब्यात," मी म्हटलं.

तिने माझ्यावर ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही. रांगेतच मटकन खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "दीड वर्ष झालं गं आई. आता परत पाठवलं तर पुढची तारीख कधी, कुणास ठाऊक. मी काय सांगू त्याला?" एकशे सोळा प्रश्नांत हा प्रश्न मी घातलाच नव्हता.

आत बोलवायला वीस मिनिटं. डिंक नाही, जवळ दुकान नाही. हे फुटपाथवर रुमाल अंथरत म्हणाले, "दहीभात काढ. दही पुसून शितं वेगळी कर."

भाताच्या शिताने पाकिटं कोण चिकटवत नाही? आम्ही जावई चिकटवायला बसलो. कारखान्यात नाजूक जोडकाम केलेला ह्यांचा हात. एकेक तुकडा उचलायचा, फिरवून बघायचा, जागा शोधायची. सांगलीच्या बाईही पदर खोचून सामील झाल्या.

"ह्यो हात कुणाचा?"

"जावयाचा."

"बांगडी हाय की यात!"

"मग आत्याबाईंचा."

हीच तर खरी शिक्षा होती! एकटे मिलिंदराव सबंध असे कुठल्याच तुकड्यात मिळेनात. जिथे त्यांचा दंड, तिथे तो धरून आत्याबाई. ज्या बोटांनी त्यांना कापलं, त्याच बोटांनी, शितं लावून लावून, मी त्यांना सन्मानाने लग्नात परत आणत होते. मुख्य फोटोत तर त्या इतक्या फिट बसल्या, की जणू कधी गेल्याच नव्हत्या. शेवटी एक बारीक कपटा उरला.

"हे काय?" ह्यांनी विचारलं.

"केर असेल," म्हणून मी तो भिरकावून दिला. तेवढ्यात सुजाताचं नाव पुकारलं आणि ओला अल्बम छातीशी धरून माझी लेक आत गेली.

आम्ही बाहेर. हे उरलेल्या डब्याकडे बघत म्हणाले, "हा डिंक खाल्ला तर चालेल?"

मी रडायलाच लागले. "अहो, एका कोपरापायी मी पोरीचा संसार कापला हो!"

ह्यांनी डबा बंद केला. "कापला, तसा चिकटवलाही. रडू नकोस, ओल धरेल."

दोन तासांनी सुजाता बाहेर आली. डोळे लाल आणि मोकळे हात.

"पासपोर्ट कुठाय?" मी किंचाळले.

"ठेवून घेतला."

"जप्त केला! अहो, जप्त केला!"

"आई! ठेवून घेतात म्हणजे व्हिसा मिळाला!"

मग मी जी बसले ती फुटपाथवरच. सांगलीच्या बाईंनी पाणी पाजलं. सुजाता हसत, डोळे पुसत सांगायला लागली.

खिडकीपलीकडे एक गोऱ्या बाई आणि शेजारी आपला मराठी दुभाषी. एकशे सोळापैकी एकही प्रश्न आला नाही. बाईंनी अल्बम मागितला. पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी जरा ओढलं, आणि आत्याबाईंसकट मिलिंद सुटून टेबलावर पडला! बाईंनी तुकडा उचलला, बोटाला लागलेलं शीत पाहिलं.

"हे काय आहे?"

"दहीभात," सुजाता म्हणाली.

"नवऱ्याला कापलंय कुणी?"

आता आदर्श उत्तर नव्हतंच, म्हणून तिने खरं सांगितलं. आत्या, दंड, कोपर, कात्री, सगळं. दुभाषी भाषांतर करता करता दोनदा खोकला.

"तुमच्या नवऱ्याला हे माहीत आहे?"

सुजाताने फायलीतून ईमेलचा कागद काढून दिला. सायबर कॅफेतून छापून आणलेल्या गठ्ठ्यातला. (त्यातले गोड गोड कागद मी 'अनावश्यक' म्हणून काढले होते, हे आणखी एक!) हा वरच्या दोन ओळींत संसारी वाटला, म्हणून पुढे न वाचताच मी राहू दिला होता. त्यात मिलिंदने लिहिलं होतं: 'आईंना म्हणावं, आत्याला कापायचं तर कापा, पण मला जरा जपून. इथे एकटाच आहे, फोटोत तरी सुजाताशेजारी राहू द्या. आणि आत्याला कळू देऊ नकोस. ती आईंचं लोणचं लपवून खाते, पण कबूल करत नाही.'

दुभाष्याने ते इंग्रजी करून मोठ्याने वाचलं. गोऱ्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले, पासपोर्ट बाजूला ठेवला आणि काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"मॅडम म्हणतात, पुढच्या वेळी डिंक वापरा."

परतताना आम्ही थेट हडपसरला उतरलो. पेढे मी स्वतः आत्याबाईंच्या हातात ठेवले आणि सगळा गुन्हा कबूल केला. त्यांनी शांतपणे पेढा संपवला.

"मला कापलंत व्हय? बरं केलंत. ती साडी मला न्हाईच आवडली." मग दुसरा पेढा उचलत म्हणाल्या, "इहीणबाई, पोरगं सतरा दिसांसाठी हाती आलं होतं. म्हून धरून ठेवलं बघा." दुसऱ्या दिवशी ह्यांच्या हाती लोणच्याची बरणी पाठवली. उघडपणे!

तो अल्बम सुजाताबरोबर अमेरिकेला गेला. मुख्य फोटो तिने दिवाणखान्यात चौकटीत लावलाय, आत्याबाईंच्या बाजूने किंचित फुगलेला. परवा तिकडे गेले होते, तेव्हा माझी नात त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "आजी, तू मम्माच्या लग्नाला आलीच नव्हतीस?"

"आले होते की! नीट बघ, डावीकडे माझं कोपर आहे."

तिने नाक लावून शोधलं. मग मी चष्मा लावून शोधलं. आत्याबाई होत्या, मिलिंद होता, सुजाता होती, हे होते. कोपर मात्र नव्हतं.

आणि मला तो कपटा आठवला.

"आले होते गं," मी नातीला म्हटलं, "पण मुंबईच्या फुटपाथवर मीच मला केर समजून फेकून दिलं."